नवीन कॅमेरा घेतलाय? लेन्स आणि फिल्टरवर पैसे घालण्याआधी हे ऐका

(या भागाचं लिखित रूप. बोलण्यातले काही अडखळे काढले आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)

आजचा विषय गेल्या महिन्याभरात मला किमान सहा जणांनी विचारलाय. ऑफिसच्या कँटीनमध्ये, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर लिफ्टमध्ये. प्रश्न एकच: "कॅमेरा घेतलाय रे, आता लेन्स कुठली घेऊ? आणि फिल्टर लागतात का?"

मी काही फोटोग्राफर नाही. दिवसभर कोड लिहितो आणि शनिवार-रविवारी कॅमेरा गळ्यात अडकवतो. पण या विषयात मी पैसे वाया घालवलेत, आणि पैशांपेक्षाही महागातलं काहीतरी घालवलंय. ते आधी सांगतो, मग लेन्सकडे येऊ.

आजीचं सहस्रचंद्रदर्शन

नोकरीतला पहिला बरा बोनस आला आणि मी कॅमेरा घेतला. एपीएस-सी सेन्सरचा मिररलेस. दुकानात कॉम्बो ऑफर होती: कॅमेरा, १८-५५ ची किट लेन्स, ७०-३०० ची झूम, बॅग, आणि वर 'फिल्टर किट फ्री'. त्या किटमध्ये तीन फिल्टर: यूव्ही, सीपीएल आणि एफएलडी. दुकानदार म्हणाला, यूव्ही लावूनच ठेवा, लेन्स सेफ राहते. मी लावला आणि विसरलो.

दोन महिन्यांनी वाईला आमच्या जुन्या घरी आजीचं सहस्रचंद्रदर्शन होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, माणसाला ऐंशी वर्षं पूर्ण झाली की त्याने आयुष्यात हजार पौर्णिमेचे चंद्र पाहिले असं धरून हा सोहळा करतात. दिव्यांनी औक्षण होतं. आमच्याकडे मोठ्या परातीत ऐंशी दिवे लावले होते. आणि आजीची धाकटी बहीण, आमची बेळगावची मावशीआजी, गुडघे दुखत असतानाही खास गाडी करून आली होती. दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या.

मी कॅमेरा घेऊन पुढे झालो. बाबा सगळ्यांना म्हणाले, "बाजूला व्हा जरा, घरचा फोटोग्राफर आलाय." त्यामुळे बाकीच्यांनी फोन खिशात ठेवले. हे लक्षात ठेवा.

रात्री लॅपटॉपवर फोटो उघडले. औक्षणाचे चाळीसेक फोटो होते. निम्म्यात हात आणि परात हललेली. उरलेल्यांत चेहऱ्यांवर हिरवट ठिपके. एखाद-दोन नाही, दिव्यांची अख्खी रांग, उलटी होऊन दोघींच्या चेहऱ्यांवर आणि कपाळावर पसरलेली.

पुढच्या उन्हाळ्यात मावशीआजी गेली. दोघींचा एकत्र असा तो शेवटचा फोटो.

नेमकं काय चुकलं?

आम्ही सॉफ्टवेअरवाले काही बिघडलं की लॉग बघतो. फोटोचाही लॉग असतो, त्याला एक्झिफ म्हणतात. प्रत्येक फोटोबरोबर कुठली लेन्स, किती मिलिमीटर, किती अ‍ॅपर्चर, किती शटर, किती आयएसओ ही माहिती साठवलेली असते. माझ्या त्या फोटोंवर लिहिलं होतं: ३५ मिमी, एफ/५, १/१५ सेकंद, आयएसओ ६४००.

वाड्याचं माजघर म्हणजे एक ट्यूबलाइट आणि एक छोटी खिडकी. प्रकाशच नव्हता. माझी किट लेन्स ३५ ला एफ/५ पेक्षा जास्त उघडतच नव्हती. मग कॅमेऱ्याने बिचाऱ्याने शटर १/१५ पर्यंत खाली आणलं. १/१५ सेकंदात परात ओवाळणारा हात कितीतरी पुढे जातो.

"अरे, पण लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन असतं ना?" असतं. पण ते तुमचा हात हलला तर सांभाळतं. समोरचा माणूस हलला तर ते काहीच करू शकत नाही. या दोन गोष्टींत भल्याभल्यांची गल्लत होते.

आता गणित बघा. अ‍ॅपर्चरच्या आकड्यांच्या भागाकाराचा वर्ग केला की प्रकाशाचा फरक कळतो. ५ भागिले १.८, त्याचा वर्ग, साधारण साडेसात. म्हणजे एफ/१.८ ची लेन्स असती तर त्याच माजघरात साडेसात पट प्रकाश आत आला असता. १/१५ च्या जागी १/१०० च्या वर शटर मिळालं असतं. हळू ओवाळणारा हात बऱ्यापैकी थांबला असता.

आणि माझी ७०-३०० ची भारी लेन्स कुठे होती? बॅगेत. माजघरात मागे सरकायला दहा फूट जागा नव्हती, तिथे ३०० मिलिमीटर घेऊन काय करणार?

ठिपक्यांचं कारण वेगळं आहे. ते फिल्टरकडे आलो की सांगतो.

आधी आकडे समजून घेऊ

लेन्सवर दोन आकडे महत्त्वाचे. पहिला मिलिमीटरमधला, फोकल लेंथ. आकडा लहान तर दृश्य रुंद, आकडा मोठा तर लांबचं जवळ.

एपीएस-सी कॅमेऱ्यात सेन्सर फुल फ्रेमपेक्षा लहान असतो, त्यामुळे या आकड्याला साधारण १.५ ने गुणायचं. कॅननमध्ये १.६ ने. म्हणजे ३५ ची लेन्स फुल फ्रेमवरच्या साधारण ५२ सारखी दिसते, आणि ५० ची ७५ सारखी. फोनशी तुलना करायची तर बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा फुल फ्रेमच्या हिशेबात २४ ते २६ चा असतो, म्हणजे एपीएस-सीवर १६-१७. तुमची किट लेन्स १८ वर ठेवली की जवळपास फोनसारखंच दिसतं. "एवढे पैसे घातले आणि फोनसारखाच फोटो येतोय" असं वाटण्यामागे हे एक कारण असतं.

दुसरा आकडा एफचा. तो जितका लहान तितका प्रकाश जास्त आणि मागचं जास्त धूसर. किट लेन्सवर ३.५-५.६ असं लिहिलेलं असतं, म्हणजे रुंद टोकाला ३.५ आणि झूम केलं की ५.६. झूम करता करता तुम्ही प्रकाश गमावत असता.

मग लेन्स कुठली?

आमच्या धंद्यात एक नियम आहे. प्रोग्राम हळू चालतोय म्हणून लगेच कोड बदलायला बसायचं नाही. आधी वेळ कुठे जातोय ते मोजायचं. लेन्सचंही तसंच करा.

वाईहून आल्यावर मी एक्झिफटूल नावाचं फुकट टूल वापरून माझे सगळे फोटो मोजले. तीन महिन्यांतले १,८६० फोटो. त्यातले मला स्वतःला ठेवावेसे वाटलेले ३१२. त्या ३१२ पैकी २०१ फोटो २८ ते ४० मिलिमीटरमधले होते. आणि ७०-३०० ने काढलेले? १९. त्यातले १४ चंद्राचे! अर्ध्याहून जास्त फोटो घरातले किंवा संध्याकाळचे. म्हणजे माझी गरज स्पष्ट होती: ३५ च्या आसपासची, जास्त उघडणारी, स्वस्त प्राइम लेन्स. प्राइम म्हणजे जिच्यात झूम नाही. बोनस उडवण्याआधी हे मोजलं असतं तर!

तुम्हाला कोड लिहायची गरज नाही. फोटो फोनवर घ्या, गुगल फोटोजमध्ये उघडा आणि वर स्वाइप करा. खाली सगळे आकडे दिसतात. फक्त एक, व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलेल्यात ही माहिती राहत नाही, त्यामुळे मूळ फोटो बघा. आवडलेले पन्नास फोटो काढा आणि वहीत आकडे लिहा. अर्ध्या तासाचं काम आहे.

आकडे हातात आले की निवड सोपी होते.

घरातले कार्यक्रम, मित्र, आई-बाबा, रात्रीची चहाची टपरी हे तुमचे विषय असतील तर एपीएस-सीवर ३५ मिमी, एफ/१.८ किंवा त्याच्या जवळपास. फक्त चेहरे काढायचे असतील तर ५०, पण लहान खोलीत ५० अडचणीची होते, पाठ भिंतीला टेकते. मला पुण्याच्या वन बीएचकेचा अनुभव आहे.

हिवाळ्यात भिगवणला जाऊन रोहित टिपायचे असतील तर लांबची झूम लागणारच, आणि तिथे ३०० सुद्धा कमी वाटते. वर्षातून एकदाच जाणार असाल तर लेन्स भाड्याने घ्या. पुण्या-मुंबईत दिवसाच्या हिशेबाने मिळते. ओळखपत्र आणि डिपॉझिट लागतं. विकत घ्यायची लेन्स आधी एक दिवस भाड्याने वापरणं हा तर माझा सगळ्यात आवडता सल्ला आहे.

फुलं, किडे, थेंब जवळून काढायचे असतील तर मॅक्रो. गडकिल्ले, डोंगर, मोठं आकाश असेल तर रुंद लेन्स, पण किट लेन्सचं १८ आधी पुरतंय का बघा. उजेडात एफ/८ ला किट लेन्स फार चांगलं काम करते. तिला नावं ठेवायची फॅशन आहे, तिकडे लक्ष देऊ नका.

घेताना माउंट तपासा. सोनी ई, निकॉन झेड, कॅनन आरएफ, फुजी एक्स, हे सगळे वेगळे आहेत आणि एकाची लेन्स दुसऱ्यावर थेट बसत नाही. डीएसएलआरची जुनी लेन्स अ‍ॅडॅप्टर लावून मिररलेसवर बसवता येते, उलटं जमत नाही. सिग्मा, टॅमरॉनसारख्या कंपन्या एकच लेन्स वेगवेगळ्या माउंटमध्ये बनवतात, तेव्हा ऑर्डर करताना नीट वाचा.

मी माझी ३५ सेकंडहँड घेतली, बारा हजारात. सेकंडहँड घेताना फोनचा टॉर्च लेन्सच्या एका बाजूने मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, नमस्कार करून निघा. पुढच्या काचेवर एखादा बारीक ओरखडा असेल तर घाबरू नका, त्याचा फोटोवर सहसा परिणाम होत नाही. ऑटोफोकस जवळ-लांब दहा वेळा करून बघा.

एक सावधगिरी. एफ/१.८ मिळालं म्हणून सगळं एफ/१.८ वर काढू नका. मी सुरुवातीला तेच केलं. एक डोळा शार्प आणि कान धूसर! दोन माणसं असतील तर एफ/२.८ किंवा एफ/४ वर या.

आता फिल्टर

मावशीआजी गेल्यावर मी तो ठिपक्यांचा फोटो दुरुस्त करायला बसलो. मोठ्या आत्मविश्वासाने एआयच्या टूलमध्ये टाकला. ठिपके गेले. चेहरा एकदम गुळगुळीत, सुंदर. प्रिंट काढून आजीला नेऊन दाखवली. तिने चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ही कोण रे?"

ठिपक्याखालची माहिती फोटोत नव्हतीच. टूलने अंदाजाने कुणाचा तरी चेहरा रंगवला होता.

फिल्टर निवडताना मी आता हीच कसोटी लावतो. जे काम नंतर सॉफ्टवेअरमध्ये होऊ शकतं, त्याचा फिल्टर घ्यायचा नाही. जे प्रकाश सेन्सरवर पडण्याआधीच करावं लागतं, त्याचा घ्यायचा. माझ्या 'फ्री' किटमधले तीन आणि चौथा एनडी, एकेक करून बघू.

एफएलडी. फिल्मच्या काळात ट्यूबलाइटखाली फोटो हिरवट यायचे, त्यासाठी हा गुलाबीसर फिल्टर. डिजिटलमध्ये व्हाइट बॅलन्स हे काम करतो. गरज शून्य.

यूव्ही. फिल्मला अतिनील किरण लागायचे म्हणून हा होता. डिजिटल सेन्सरसमोर ते अडवणारी काच आधीच बसवलेली असते. उरलं फक्त संरक्षण. धूळ, वाळू, समुद्राचे तुषार असतील तिथे जरूर लावा, पण चांगल्या मल्टिकोटिंगचा. कोटिंग नसलेल्या काचेची प्रत्येक बाजू साधारण ४ टक्के प्रकाश परत फेकते. माझ्या बाबतीत हेच झालं: दिव्यांचा प्रकाश सेन्सरवर पडून परत फिरला, फिल्टरच्या काचेवर आपटून पुन्हा सेन्सरवर आला, आणि फ्रेमच्या मध्यबिंदूच्या बरोब्बर विरुद्ध बाजूला उमटला. परात खाली होती, चेहरे वर होते. दिवे चेहऱ्यांवर जाऊन बसले. म्हणून दिवाळी, आरती, रात्रीचे रस्ते, मागून येणारा सूर्य असेल तेव्हा हा फिल्टर काढून ठेवा. रोजच्या धक्क्यांपासून लेन्सला जपायला प्लॅस्टिकचं हूड पुरतं, आणि त्याने तिरका प्रकाशही अडतो.

सीपीएल, म्हणजे पोलरायझर. हा घ्या. पाणी, पानं, काच यांच्यावरून जी चमक परावर्तित होते तिचं कंपन बरंचसं एकाच दिशेत असतं. सीपीएल फिरवला की ती दिशा अडते आणि चमक जाते. हे काम नंतर सॉफ्टवेअरने होत नाही, कारण चमकेखालचं पान फोटोत आलेलंच नसतं. पावसाळ्यानंतर कासच्या पठारावर जा, ओल्या पानांवरची पांढरी चकाकी गेली की फुलांचे रंग खरे दिसतात. मेणवलीच्या घाटावर उभं राहून फिरवा, कृष्णेच्या पाण्याखालच्या पायऱ्या दिसायला लागतात. धातूच्या चमकेवर मात्र चालत नाही. आकाशाचा निळा रंग सूर्यापासून काटकोनात सर्वात गडद होतो, आणि खूप रुंद लेन्सवर आकाश एका बाजूला गडद, एका बाजूला फिकं दिसू शकतं. तो एक ते दोन स्टॉप प्रकाश खातो, म्हणून घरात शिरताना काढा.

खरा आहे का कसं बघायचं? फिल्टरची पुढची बाजू लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनकडे धरा आणि मागून बघत फिरवा. एका कोनात स्क्रीन काळी पडली पाहिजे. आणि कॅमेरा नसेल तरी हाच फिल्टर फोनच्या लेन्ससमोर हाताने धरून फिरवा, तिथेही चालतो!

एनडी. गडद चष्मा. नुसता प्रकाश कमी करतो. एनडी८ म्हणजे आठ पट कमी, एनडी६४ म्हणजे चौसष्ट पट. ताम्हिणीच्या ढगाळ दुपारी एफ/११, आयएसओ १०० ला शटर १/३० येत असेल, तर एनडी६४ लावून ते दोन सेकंद होतं आणि धबधबा रेशमासारखा दिसतो. ट्रायपॉड लागेलच. व्हिडिओवाल्यांनाही हा लागतो, कारण भर उन्हात १/५० शटर ठेवणं त्याशिवाय कठीण. फिरवून कमीजास्त होणारा व्हेरिएबल एनडी सोयीचा असतो, पण स्वस्तातला शेवटच्या टोकापर्यंत फिरवला की फोटोत काळी फुली उमटते.

फिल्टर घेताना लेन्सवरचं तिरकी रेघ मारलेल्या शून्याचं चिन्ह शोधा. त्यापुढे ४९, ५२, ६७ असा आकडा असतो, तो फिल्टरचा व्यास. फोकल लेंथशी गल्लत करू नका, माझ्या एका मित्राने ३५ च्या लेन्ससाठी ३५ चा फिल्टर मागवला होता. प्रत्येक लेन्ससाठी वेगळा सेट घेण्यापेक्षा सर्वात मोठ्या व्यासाचा एक चांगला घ्या आणि बाकीच्यांसाठी स्टेप-अप रिंग, ती शंभर-दोनशे रुपयांत येते.

पावसाळ्याचं बघा

आपल्या हवेत लेन्सचा खरा शत्रू दमटपणा आहे. कोकणात आणि मुंबईत तर जून ते सप्टेंबर कॅमेरा बॅगेत बंद ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. घट्ट झाकणाचा स्वयंपाकघरातला डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा. तांदळात ठेवू नका, भुकटी आत जाते. आणि सर्वात सोपं म्हणजे लेन्स वापरत राहा.

शेवटी

मागच्या दिवाळीनंतर वाईला गेलो होतो. ३५ लावलेली, फिल्टर काहीही नाही. आजी खिडकीशी बसून मेथी निवडत होती. एफ/२.८, १/१२५. तो फोटो आता हॉलमध्ये लावलाय. त्याच्या शेजारी तिने दुसरा लावायला सांगितला, औक्षणाचा. मूळचा, ठिपक्यांसकट. म्हणाली, "दिवे आलेत तोंडावर तर येऊ देत. बहीण माझीच आहे."

तो फोटो बघितला की मला अजून वाईट वाटतं. बारा हजारांची लेन्स आणि एक फिल्टर काढून ठेवायची अक्कल, एवढंच कमी पडलं होतं.

तर या आठवड्याचं काम. नवीन काही ऑर्डर करू नका. किट लेन्स ३५ वर ठेवून झूमच्या रिंगवर चिकटपट्टी लावा आणि सात दिवस तसंच फिरा. मग २० वर ठेवून सात दिवस. दोन आठवड्यांनी आकडे मोजा. घरात कार्य जवळ आलं असेल तर त्याच खोलीत, त्याच वेळी, त्याच दिव्यात आदल्या दिवशी दहा फोटो काढून लॅपटॉपवर मोठे करून बघा. आणि हो, बाकीच्यांना फोन खिशात ठेवायला सांगू नका.

तुमचे आकडे काय आले ते व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. चला, भेटू!